मुका मार : लाठीमारातील जखमींची परस्परशुश्रूषा आणि ‘ओळख’

नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय भागात, झाडीपट्टीच्या उंबरठ्यावर वसलेल्या कुही तालुक्याच्या दृष्टीने ‘मोर्चा’ या शब्दाचा अर्थ बहुधा एकच असतो : हिवाळ्यात नागपूरला जाणे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरविण्याचे ठरले. १९६० पासून ही प्रथा रूढ झाली, आणि तेव्हापासून विदर्भातील खेड्यापाड्यांतील गाऱ्हाणी नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास सीताबर्डीच्या रस्त्यांवर येऊन उभी राहू लागली. कुही, उमरेड, भिवापूर या पट्ट्यातील माणसांना नागपूर जवळचे. इतवारी ते नागभीड ही अरुंदमापी रेल्वे २०१९ मध्ये बंद होईपर्यंत कुहीवरून जात असे. शिवाय या तालुक्याला मोर्चाची कारणेही भरपूर लाभली. २२ एप्रिल १९८८ रोजी पायाभरणी झालेल्या गोसेखुर्द धरणाने वैनगंगेकाठची अनेक गावे हलविली. त्याआधीपासून चालत आलेला दुसरा प्रश्न गोवारी समाजाच्या मान्यतेचा होता.

या दुसऱ्या प्रश्नाच्या इतिहासातील २३ नोव्हेंबर १९९४ हा दिवस सर्वांना ठाऊक आहे. अनुसूचित जमातींमध्ये समावेश व्हावा या मागणीसाठी नागपूर, भंडारा, चंद्रपूर इत्यादी जिल्ह्यांतून आलेले हजारो गोवारी स्त्रीपुरुष मॉरिस कॉलेजजवळील तिठ्यावर अडविले गेले. दिवसभर ते तेथे थांबून राहिले. सायंकाळच्या सुमारास पोलिसांनी लाठीमार केला, लोखंडी अडथळ्यांच्या मध्ये कोंडलेला जमाव एकमेकांच्या अंगावर कोसळला, आणि ११४ माणसे मृत्यू पावली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्याने ही घटना दुर्दैवी ठरविली, कोणावर दोष मात्र ठेवला नाही.

मृतांची संख्या ११४ ही आहे, आणि ती विदर्भातील लहान मुलालाही सांगता येते. जखमींची संख्या मात्र ‘पाचशेच्या वर’ अशी सांगितली जाते. एक आकडा नेमका आणि दुसरा अदमासाचा, हा भेद केवळ मोजणाऱ्यांच्या हयगयीने पडलेला नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही हेच घडले. १९५५-५६ च्या गोळीबारांत बळी पडलेल्यांची संख्या प्रथम १०५ अशी सर्वतोमुखी झाली, पुढील गणतीत ती १०६, १०७ अशी दुरुस्त होत गेली. एकेका नावासाठी खल झाला, आणि तो होणे योग्यच होते. त्याच गोळीबारांत व लाठीमारांत जे जखमी होऊन वाचले त्यांच्या संख्येविषयी असा खल कोणी केल्याचे दिसत नाही. मृताची गणना होते, जखमीचा अंदाज केला जातो. प्रस्तुत निबंधाचा विषय हा अंदाजाने उरलेला माणूस होय. त्याला कोणी उचलले, कोणी बांधले, त्याची नोंद कोणी ठेवली आणि त्याला कोणत्या शब्दाने ओळखले, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दांकडे पाहणे सोईचे होईल. मृतासाठी मराठीत आज दोन मानाचे शब्द आहेत : हुतात्मा आणि शहीद. पहिला सावरकरांनी रूढ केलेल्या शब्दांपैकी असून त्यात यज्ञाची कल्पना आहे. मुंबईतील चौकाच्या नावाने तो घरोघरी पोचला. दुसरा अरबीतून आलेला. नागपुरातील गोवारी स्मारकाला आणि सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला लोक याच शब्दाने ओळखतात. ‘शहीद’ या शब्दाच्या मुळाशी ‘साक्ष देणे’ हा अर्थ आहे. युरोपीय भाषांत त्याच अर्थी वापरला जाणारा ग्रीक मूळाचा शब्दही आरंभी साक्षीदाराचाच वाचक होता. म्हणजे दोन दूरच्या भाषांनी मृताला साक्षीदार म्हटले. प्रत्यक्षात साक्ष देऊ शकतो तो वाचलेला, आणि त्याच्यासाठी या जोडीचा मानाचा शब्द कोठेच नाही. ‘जखमी’ हे फारसीतून आलेले विशेषण आहे. ते पंचनाम्यातही चालते आणि खेळाच्या बातमीतही. ‘घायाळ’ हा घाव सांगणारा देशी शब्द, पण तो एव्हाना प्रेमकवितेच्या स्वाधीन झाला आहे. ‘जायबंदी’ या शब्दाला मराठी रियासतीचा वास आहे, परंतु तोही आता खेळाडूंच्या किंवा बैलांच्या दुखण्यापुरता उरला.

रियासतीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट येथेच सांगणे योग्य होईल. जखमेची दखल घेण्याची रीत मराठी राज्यव्यवहाराला अपरिचित नव्हती. अफजलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजीमहाराजांनी मृतांच्या कुटुंबांची व्यवस्था लावली आणि जखमींना जखमेच्या मानाने दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिले, असे सभासद नमूद करतो. जखम पाहावयाची, तिची प्रत ठरवावयाची आणि त्या प्रतीप्रमाणे द्यावयाचे, असा हा व्यवहार होता. तो धनी आणि चाकर यांच्यामधला होता, हे उघड आहे. जखम राज्याच्या शत्रूने केली व मोल राज्याने दिले. जेथे घाव घालणारा हात राज्याचाच असतो तेथे जखमेची प्रत कोणी ठरवावी, या प्रश्नाचे उत्तर बखरींत सापडणार नाही.

त्याचे उत्तर ब्रिटिश राजवटीने कायद्यात दिले. १८६० च्या दंडसंहितेने ‘दुखापत’ आणि ‘जबर दुखापत’ असे दोन वर्ग केले. डोळा, कान, अवयव वा सांधा गमावणे, चेहऱ्याला कायमची विद्रूपता येणे, हाड वा दात मोडणे वा निखळणे इत्यादी आठ प्रकार ‘जबर’ मानले गेले. आठव्या प्रकारात जिवाला धोका उत्पन्न करणारी दुखापत आली, तसेच वीस दिवस तीव्र वेदना होणे अथवा नेहमीचा व्यवसाय करता न येणे हेही आले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने ही मुदत पंधरा दिवसांवर आणली. या मुदतीत एक गृहीत दडलेले आहे : दुखणे असेल तर मनुष्य कामावर जाणार नाही. रोजमजुरीवर जगणारा शेतमजूर किंवा गुराखी पाठीवर वळ घेऊन तिसऱ्या दिवशी कामाला लागतो, कारण चौथ्या दिवशी चूल पेटवावयाची असते. त्याची दुखापत कायद्याच्या मापाने आपोआप हलकी ठरते. गरिबीमुळे जखम लहान दिसते, असा हा प्रकार आहे.

लाठीच्या बाबतीत अडचण आणखी खोल जाते. लाठीने होणाऱ्या दुखापतीपैकी फार मोठा भाग मराठीत ज्याला ‘मुका मार’ म्हणतात त्या जातीचा असतो. कातडी फुटत नाही, रक्त येत नाही. आत ठेचते, सुजते, काळेनिळे पडते आणि पावसाळ्यात वर्षानुवर्षे ठणकते. ‘मुका’ हे विशेषण लोकभाषेने मोठ्या अचूकतेने योजिले आहे. हा मार स्वतःविषयी काही सांगत नाही. तो पाहणाऱ्याला दिसत नाही, नोंदवहीत उतरत नाही आणि छायाचित्रात येत नाही. त्याची बातमी द्यावयाची तर ती ज्याला लागला त्यानेच द्यावी लागते, आणि तिच्यावर विश्वास ठेवणारा दुसरा कोणी असावा लागतो. असा दुसरा बहुधा तोच असतो ज्याने त्याच दुपारी त्याच रस्त्यावर तोच मार खाल्लेला असतो. मुक्या माराची भाषा तेवढ्यांनाच कळते.

‘मार खाल्ला’ या प्रयोगाकडेही थोडे थांबून पाहिले पाहिजे. मार ‘खाणे’ हे मराठीचे एकटीचे वैशिष्ट्य नव्हे. हिंदीत ते आहे, फारसीत आहे. तेलुगू व कानडीतही तडाखे ‘खाल्ले’ जातात. या प्रयोगात मार सोसणारा कर्ता होतो, पण कर्तेपण असे की त्यात मान नाही. ‘मार खाऊन आला’ या वाक्यात किंचित उपहासच असतो. सभेच्या व्यासपीठावरून आणि वृत्तपत्रांतून म्हणून दुसरे क्रियापद पुढे आले : ‘लाठ्या झेलल्या’. झेलणारा सिद्ध असतो, त्याने हात पुढे केलेला असतो. सत्याग्रहाच्या काळापासून ‘खाणे’ मागे पडून ‘झेलणे’ वर आले, याचे कारण सत्याग्रहाच्या तत्त्वज्ञानातच आहे. परंतु खेड्यातला माणूस स्वतःविषयी बोलताना या दोहोंपैकी एकही शब्द सहसा वापरत नाही. तो म्हणतो, ‘मला लागलं’. कुहीकडच्या बोलीत, ‘मले लागलं’. या वाक्यात मारणारा नाही, झेलणाराही नाही. ज्याला वेदना झाली तो चतुर्थीत उभा आहे, एवढेच. व्याकरणदृष्ट्या हे अकर्तृक विधान होय, आणि न्यायालयाच्या दृष्टीने ते निरुपयोगी. मात्र त्याचे प्रश्नरूप, ‘तुले लागलं का?’, हे परस्परशुश्रूषेचे पहिले वाक्य आहे. ते गाव विचारीत नाही, जात विचारीत नाही, पक्ष विचारीत नाही, चूक कोणाची तेही विचारीत नाही. गर्दीतून उठणारा मनुष्य शेजारच्या अनोळखी माणसाला ते विचारू शकतो, आणि ज्याला विचारले तोही उत्तरादाखल तेच विचारू शकतो.

याच्या उलट घटनेला दिलेले नाव पाहावे. १९९४ च्या घटनेचे सरकारी व वृत्तपत्रीय नाव ‘चेंगराचेंगरी’ असे पडले. मराठीत मारामारी, ढकलाढकली, फेकाफेकी अशी द्विरुक्त नामे अन्योन्यक्रिया दाखवितात : क्रिया करणारे आणि क्रिया सोसणारे तेच ते लोक असतात. ‘चेंगराचेंगरी’ म्हणताच जमावाने जमावाला चेंगरले, असा अर्थ शब्दाच्या घडणीतूनच निघतो. लाठी वाक्याच्या बाहेर राहते. गोवारी समाजाने या नावाऐवजी ‘हत्याकांड’ हा शब्द धरून ठेवला. तो कायद्याच्या दृष्टीने टिकेल की नाही हा निराळा प्रश्न. भाषेच्या दृष्टीने त्याने एवढे साधले की कर्त्याची जागा रिकामी असल्याचे ऐकणाऱ्याला जाणवावे. शिवाय अन्योन्यवाचक शब्दात जे अडकले ते मारणे आणि चेंगरणे. त्याच जमावाने एकमेकांना उचलले, बाजूला ओढले, पाणी दिले, त्या क्रियेसाठी असे द्विरुक्त नाम मराठीत नाही.

शुश्रूषेचा इतिहास लिहिण्यास साधने विरळ आहेत, तथापि काही प्रसंगी ती मिळतात. २१ मे १९३० रोजी धारासणा येथील मिठागरावर सुमारे अडीच हजार सत्याग्रही चालून गेले, त्या प्रसंगाचे वेब मिलर या अमेरिकन बातमीदाराने केलेले वर्णन जगभर पोचले. त्यातील लाठीच्या वर्णनाचा उल्लेख सर्वत्र होतो. झोळ्यांच्या वर्णनाकडे लक्ष कमी गेले आहे. एक तुकडी खाली पडली की मागून माणसे धावत येत आणि जखमींना उचलून झापाच्या तात्पुरत्या रुग्णालयाकडे नेत. त्यांना पोलीस अडवीत नव्हते. झोळ्या अपुऱ्या होत्या. कांबळ्यांच्या झोळ्यांतून अठरा जणांना नेले जात असता बेचाळीस जण रक्तबंबाळ होऊन आपल्या पाळीची वाट पाहत पडले होते, एवढी नेमकी गणती त्याने दिली आहे. रुग्णालयात त्याने ३२० जखमी मोजले. दोघे मरण पावले होते. दुसरी तुकडी निघाली तेव्हा पहिलीचे काय झाले ते तिच्यापैकी प्रत्येकाला दिसत होते. म्हणजे जखमींची वाहतूक ही तेथे लढ्याच्या मागची व्यवस्था नव्हती, ती लढ्याच्या आतच चालली होती. पुढे जाणाऱ्याला मागून कोणी उचलणारे आहे ही खात्री नसती तर तिसरी तुकडी उभी राहणे अवघड गेले असते, असे अनुमान काढण्यास हरकत नाही.

शुश्रूषेला शिस्त लावण्याचा प्रयत्न त्यापूर्वीच सुरू झाला होता, आणि त्याचा धागा नागपूरशी जुळतो. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात नागपूरच्या तुरुंगात गेलेल्या स्वयंसेवकांत ना. सु. हर्डीकरांचे हुबळीचे सहकारी होते. माफी न मागता ते टिकून राहिले, ही गोष्ट देशभर वाखाणली गेली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात काकीनाडा येथील काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी हर्डीकरांच्या पुढाकाराने स्वयंसेवकांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. तीच पुढे हिंदुस्थानी सेवा दल म्हणून प्रसिद्ध झाली. १९३० साली मुंबईत लाठीमार नित्याचा झाला तेव्हा काँग्रेसने जखमींसाठी स्वतंत्र मोफत रुग्णालय चालविले. सरकारी रुग्णालये असता हे का करावे लागले, याचे कारण वैद्यकीय नव्हते. सरकारी दवाखान्यातील नोंद ही एकाच वेळी दुखापतीचा आणि उपस्थितीचा पुरावा असते. ज्या कागदावर ‘पाठीवर लाठीचे वळ’ असे लिहिले जाते, त्याच कागदाने तो मनुष्य बेकायदा जमावात होता हेही सिद्ध होऊ शकते. लाठीमारानंतर दंगलीचे गुन्हे दाखल होतात हे ज्याला ठाऊक आहे तो फुटलेले डोके घेऊन दवाखान्याच्या दारात जाण्यापूर्वी दोनदा विचार करतो. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली असा दंडक घातला की पोलीस प्रकरण असो वा नसो, आधी उपचार व मग कागद. तो दंडक डॉक्टरांच्या टाळाटाळीवर होता. जखमीच्या भीतीवर त्याचा इलाज नाही.

या भीतीमुळे लाठीमाराच्या जखमा फार मोठ्या प्रमाणावर घरीच बऱ्या झाल्या, किंवा बऱ्या न होता घरीच राहिल्या. खेड्यातील उपचार सर्वांच्या परिचयाचे आहेत : आंबेहळदीचा लेप, निरगुडीच्या पाल्याचा शेक, हळद घातलेले दूध. हे बायकांच्या हातचे औषध आहे, आणि म्हणूनच ते इतिहासाच्या साधनांत आले नाही. दवाखान्याची नोंदवही तरी कोठे धूळ खात पडलेली असू शकते. वाटलेल्या आंबेहळदीची नोंद कोणत्याच दप्तरात नसते.

जखमींची नोंद ठेवता येते, हे दाखविणारे सर्वांत मोठे उदाहरण इंग्लंडातील आहे. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टर येथे मताधिकारासाठी भरलेल्या सभेवर घोडेस्वार घातले गेले. पीटरलू या नावाने ती घटना प्रसिद्ध आहे. मृतांची संख्या सुमारे अठरा. जखमींना मदत करण्यासाठी स्थापन झालेल्या समित्यांनी घरोघर हिंडून याद्या केल्या, आणि त्या याद्यांत साडेसहाशेच्या आसपास माणसे नावानिशी आली : पत्ता, जखम कोठे व कशाने झाली, आणि मदत किती दिली. स्त्रियांची नावे त्यांत मोठ्या संख्येने आहेत. जखम लपविण्याची प्रवृत्ती तेथेही होती, कारण जखम दिसली तर काम जाण्याचा धोका होता. एका जखमीला रुग्णालयात डॉक्टरने विचारले की आता सभा पुरे झाल्या ना. त्याने नाही म्हणताच त्याला बाहेर घालविण्यात आले, अशी त्या काळची हकीकत आहे. या याद्या मुळात मदतनिधीचा हिशेब म्हणून केल्या गेल्या; त्या वेळी त्यांकडे इतिहासाचे साधन म्हणून कोणी पाहिले नसावे. पण पावणेदोनशे वर्षांनंतर संशोधकांना त्या घटनेविषयी नेमके काही लिहिता आले ते या हिशेबाच्या बळावर.

आपल्याकडे या प्रकारच्या प्रयत्नाला सर्वांत जवळचे उदाहरण चिमूरचे. योगायोगाने तारीखही तीच, १६ ऑगस्ट, वर्ष १९४२. त्या दिवशीच्या उठावानंतर गावात आलेल्या सैन्याने व पोलिसांनी पुरुषांना धरून नेले आणि स्त्रियांवर अत्याचार केले. नागपूरहून रमाबाई तांबे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ चिमूरला गेले आणि त्याने गावातील स्त्रियांच्या जबान्या ऐकून घेतल्या. सरकारने चौकशी नाकारली. तेव्हा सेवाग्रामचे प्रा. भणसाळी यांनी उपवास आरंभिला. तो ६३ दिवस चालून १२ जानेवारी १९४३ रोजी संपला. त्याच्या बातम्यांवर बंदी घातली गेली आणि बंदीच्या निषेधार्थ वृत्तपत्रांनी एक दिवस प्रकाशन बंद ठेवले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की ज्या दुखापतीविषयी बोलणेच लाजेचे मानले जाई, ती चिमूरच्या स्त्रियांनी बोलून दाखविली ती दुसऱ्या स्त्रियांपुढे. ऐकणाऱ्या कोण आहेत यावर साक्ष देणे अवलंबून होते. मुका मार बोलता झाला, पण अधिकाऱ्यासमोर तो झाला नाही.

अमेरिकेतील सेल्मा येथे ७ मार्च १९६५ रोजी पुलावर झालेल्या मारहाणीनंतर कृष्णवर्णीय आंदोलक परतले ते ज्या प्रार्थनामंदिरातून निघाले होते तेथेच. त्याच्या आवारात प्रथमोपचार झाले आणि गंभीर जखमींना कृष्णवर्णीयांवर उपचार करणाऱ्या गुड समॅरिटन रुग्णालयात नेण्यात आले. निघण्याची जागा आणि परतण्याची जागा एकच असणे ही मोठी सोय असते. १९९४ च्या गोवारींना ती नव्हती. ते परगावच्या राजधानीत, अंधार पडत असताना, शेकडो खेड्यांतून वेगवेगळ्या वाहनांनी आलेले लोक होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे जे काम होते त्यालाही मराठीत ‘ओळख’ म्हणतात : मृतांची ओळख पटविणे.

या शब्दाजवळ आता यावेच लागते. गोवारींची मागणी ‘मान्यतेची’ होती. ‘मान्यता’ हा संस्कृत शब्द. मान देणारा वर असतो, घेणारा खाली. ‘ओळख’ ही त्याहून निराळी. संस्कृत ‘उपलक्षय्’, प्राकृत ‘ओलक्ख’ या मार्गाने आलेले ‘ओळखणे’ हे क्रियापद मुळात लक्षणावरून जाणणे असा अर्थ सांगते. इंग्रजीत या दोन्ही कल्पनांना एकच शब्द पुरतो, आणि त्यामुळे आधुनिक राजकीय तत्त्वज्ञानात त्यांची सरमिसळ झाली आहे. मराठीने त्या वेगळ्या ठेवल्या हे चांगले झाले. मान्यता राजपत्रात मिळते. ओळख दोन माणसांत पटते, आणि ती पटण्यास लक्षण लागते : पाठीवरचा वळ, मोडून वाकडे जुळलेले बोट, गर्दी दिसताच अंग चोरण्याची सवय.

गोवारींच्या मान्यतेचा प्रवास शब्दांवरच अडखळत गेला, हे भाषेच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावे. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात गोवारींचे गायगोवारी, इंगा आणि मारिया किंवा गोंडगोवारी असे तीन भेद नोंदलेले आहेत. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीच्या १९०५ मधील सातव्या खंडात मराठीच्या या बाजूच्या बोलींत ‘गोवारी’ हे नाव येते. अनुसूचित जमातींच्या महाराष्ट्रातील यादीत अठराव्या नोंदीत, गोंडांच्या पोटजमातींत, ‘गोंड गोवारी’ असे दोन शब्द आले. ते दोन शब्द म्हणजे एक जमात, की गोवारी जमातीचेच दुसरे नाव? १९८५ च्या शासन निर्णयाने एक अर्थ लावला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दुसरा लावला : स्वतंत्र गोंडगोवारी जमात १९११ पूर्वीच नामशेष झाली असून नोंदीचा रोख गोवारींवरच आहे. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. यादीतील नोंद जशी आहे तशीच वाचावी, गोंडगोवारी व गोवारी एक नव्हेत, असे ठरले. मधल्या काळात ज्यांनी त्या प्रमाणपत्रावर प्रवेश वा नोकऱ्या घेतल्या त्यांना संरक्षण देण्यात आले. १९९५ मध्ये विशेष मागास प्रवर्गात झालेला समावेश तेवढा गोवारींच्या हाती राहिला. एका सामासिक पदाचा विग्रह कसा करावा या वादाच्या एका टोकाला ११४ मृत्यू आहेत, हे व्याकरणाच्या वर्गात सहसा सांगितले जात नाही.

मान्यता मिळाली नाही, पण ओळख टिकली. दर वर्षी २३ नोव्हेंबरला नागपुरातील स्मारकापाशी लोक जमतात. कार्यक्रम मृतांच्या आदरांजलीचा असतो, परंतु जमणाऱ्यांत वाचलेले असतात, आणि वर्षातून एकदा त्यांची एकमेकांशी गाठ पडते. अशा भेटीत होणाऱ्या विचारपुशीला कोणी अद्याप संशोधनाचा विषय केलेला नाही. ज्या समाजाची दिवाळी गायगोधनाच्या दिवशी ढाल नाचविण्याने साजरी होते, त्याच्या पंचांगात दिवाळीनंतर थोड्याच दिवसांनी हा दिवस येऊन बसला आहे.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला वेळ थोडा आहे. १९९४ साली जी मुलगी वीस वर्षांची होती ती आता पन्नाशी ओलांडून गेली. जे तेव्हा पन्नाशीत होते त्यांपैकी पुष्कळ आज नाहीत. नागपुरातील रुग्णालयांच्या त्या आठवड्याच्या नोंदवह्या आणि आयोगापुढील साक्षी ही एक बाजू झाली. दुसरी बाजू गावोगाव हिंडूनच मिळेल : कुही, उमरेड, भिवापूर, पवनी या पट्ट्यात घरटी विचारीत गेल्यास पीटरलूच्या धर्तीची यादी आजही करता येईल, आणि तीत दवाखान्यात कधीच न गेलेले लोकही येतील. प्रश्नावलीच्या भाषेविषयी मात्र सावध राहावे. ‘आपण त्या घटनेत जखमी झाला होता काय?’ असे विचारल्यास बहुतेक जण नाही म्हणतील, कारण ‘जखमी’ म्हणजे ज्याचे नाव सरकारी कागदावर चढले तो, असा त्या शब्दाचा तिकडे अर्थ झाला आहे. ‘तवा तुले लागलं होतं का?’ असे विचारावे, आणि त्यानंतर, ‘कोनं उचललं?’